मनगटी घड्याळ खरोखर उत्तम आहे की नुसते दिखाऊ, हे दुकानात उभे राहून कसे ओळखावे?

निपाणीचा मामा

नमस्कार. माझ्या भाच्याला बेळगावजवळ विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी लागली आहे. मामा या नात्याने त्याला एक चांगले मनगटी घड्याळ द्यावे असे मनात आहे आणि त्यासाठी 30,000 रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. बेळगावला गेलो असता एका दुकानात दोन घड्याळे समोर ठेवण्यात आली, आणि तेव्हापासून घरात एकमत होत नाही.

पहिले घड्याळ चांगले 44 मिलिमीटरचे, सोनेरी, तबकडीच्या कडेने खडे बसवलेले, आत तीन छोट्या तबकड्या आणि एका बाजूला तबकडी कापून आतले हलते चक्र दिसेल अशी खिडकी केलेली. दुसरे 38 मिलिमीटरचे, स्टीलचे; पांढुरकी तबकडी, तीन काटे, तारीख आणि बस्स. दोन्ही ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारी, आहेत. किमतीत फारसा फरक नाही. पहिले थोडे स्वस्तच आहे. दुकानदाराचे म्हणणे असे की पहिले घड्याळ चारचौघांत उठून दिसते, आणि भेट द्यायची तर ती दिसली पाहिजे. सौभाग्यवतींचेही मत तेच. दुसरे घड्याळ मला काहीसे ओकेबोके वाटले, तरीही ते हातातून खाली ठेववेना, आणि असे का व्हावे हे मला नेमके सांगता येत नाही.

माझा प्रश्न कंपन्यांच्या नावांचा नाही. अमुक कंपनी मोठी आणि तमुक कंपनी छोटी, ही यादी कोणीही देईल. मला हे जाणून घ्यायचे आहे की ज्याला जाणकार उत्तम घड्याळ म्हणतात, त्यात असे काय असते की जे माझ्यासारख्या सामान्य माणसाला डोळ्यांनी पडताळून पाहता येईल. की उत्तमपणा हा केवळ किमतीचा आणि नावाचा खेळ आहे? त्या खिडकीतून दिसणाऱ्या चक्राला काही अर्थ आहे का? आणि तीन छोट्या तबकड्या नेमक्या कशासाठी असतात?

टूलरूम, उद्यमबाग

मी घड्याळांच्या व्यापारातला नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारे आणि साचे बनवणाऱ्या विभागात, आयुष्य गेले, त्यामुळे घड्याळ हातात आले की मी ते एक जॉब म्हणूनच पाहतो. म्हणजे कोणत्या पृष्ठभागावर मेहनत घेतली आहे आणि कोणत्या ठिकाणी ती वाचवली आहे, एवढेच पाहतो. दिखाऊ घड्याळात मेहनत हातभर अंतरावरून दिसेल तिथपर्यंतच गेलेली असते. उत्तम घड्याळात ती भिंगाखाली पाहिले तरी संपलेली दिसत नाही.

सर्वांत आधी कडा पाहा. घड्याळाच्या केसचा, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाचा, काही भाग आरशासारखा चकचकीत असतो आणि काही भागावर बारीक समांतर रेघा असतात, ज्याला आम्ही ब्रश फिनिश म्हणतो. हे दोन भाग जिथे एकमेकांना भेटतात ती रेषा निरखून पाहावी. चांगल्या कामात ती रेषा सुरीच्या धारेइतकी सरळ आणि स्वच्छ असते, कारण एका भागावर काम करताना दुसऱ्या भागाला धक्का लागू दिलेला नसतो. घाईच्या कामात सगळी केस बफच्या चाकावर धरलेली असते. बफ मऊ असतो, तो कडेवरून खाली घसरतो आणि कडा गोलसर करून टाकतो. अशा घड्याळाला चमक भरपूर असते, पण आकार हरवलेला असतो. पाठीमागे कोरलेली अक्षरेही बफिंगने अनेकदा पुसट झालेली दिसतात, तीही पाहून घ्यावीत.

दुसरी परीक्षा दुकानातल्या ट्यूबलाइटची आहे, आणि तिला एक पैसा लागत नाही. पट्टा जिथे केसला जोडला जातो, त्या चार कानांच्या सपाट चकचकीत भागावर ट्यूबचे प्रतिबिंब पाडावे आणि घड्याळ सावकाश कलते करावे. पृष्ठभाग खरोखर सपाट असेल तर प्रतिबिंब सरळ राहते आणि सरळच सरकते. पृष्ठभाग नुसता चमकवलेला असेल तर ट्यूब नागमोडी होते आणि कडेजवळ वाकून पळते. जपानच्या ग्रँड सेकोने 1967 साली 44 जीएस नावाचे जे घड्याळ काढले, त्याची सारी कीर्ती अशा सपाट आणि प्रतिबिंब न वाकवणाऱ्या पृष्ठभागांवर उभी आहे. त्यावर ना खडा आहे ना सोनेरी मुलामा. सपाट पृष्ठभाग आणि तीक्ष्ण कड एकाच वेळी मिळवणे किती कठीण असते, हे ज्याने हाताने लॅपिंग, म्हणजे पेस्ट लावून सपाट घासण्याचे काम, केले आहे त्याला सांगावे लागत नाही.

मग तबकडीकडे यावे. मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोहोचतो का? तासकाटा तासाच्या खुणेच्या जवळ जातो का? काटे आखूड असतील तर बनवणाऱ्याने दुसऱ्या कुठल्या तरी मापाचे काटे आणून लावले आहेत, असे समजण्यास जागा आहे. तारखेची चौकट तबकडीच्या कडेला न राहता मध्याकडे सरकलेली असेल, तर लहान मशीन मोठ्या केसमध्ये बसवलेले आहे. तारखेचे चाक मशीनवर असते, त्यामुळे त्याची जागा केस वाढवल्याने वाढत नाही. आपल्या 44 मिलिमीटरच्या घड्याळात तारीख असेल तर ही गोष्ट जरूर पाहावी. त्यानंतर दुकानदाराकडून भिंग मागून घ्यावे. काट्यांच्या कडेला बर, म्हणजे कापताना उरलेली खरखरीत धार, राहिली आहे का, तासाच्या खुणा सरळ बसल्या आहेत का, छापलेल्या अक्षरांची शाई कडेला पसरली आहे का, हे भिंगाखाली क्षणात कळते.

तीन छोट्या तबकड्यांबद्दल. खऱ्या क्रोनोग्राफमध्ये त्या उपयोगाच्या असतात. एक बटण दाबले की सेकंद मोजायला सुरुवात होते, मिनिटे वेगळ्या तबकडीवर जमा होतात, दुसरे बटण दाबले की सगळे काटे शून्यावर परततात. बाजारात मात्र अशीही घड्याळे आहेत की ज्यांत या तबकड्या नुसत्या छापलेल्या असतात आणि त्यांवरचे काटे चिकटवलेले असतात. बटणे दाबून पाहावीत. काहीच हलले नाही, तर त्या घड्याळात अजून किती गोष्टी नावापुरत्या आहेत याचा अंदाज आपण बांधू शकता.

आता थोडे आपल्या रकमेच्या पलीकडचे सांगतो, कारण आपण विचारले आहे की उत्तमपणा हा नुसता किमतीचा खेळ आहे का. अतिउच्च दर्जाच्या घड्याळात मशीनच्या प्रत्येक पट्टीच्या कडेला चॅम्फर, म्हणजे तिरका छेद, मारून तो चकचकीत केलेला असतो. आम्हीही चॅम्फर मारतो, पण फरक आतल्या कोपऱ्यात आहे. फिरते हत्यार आतल्या कोपऱ्यात नेहमी गोलाई सोडते, कारण हत्यारच गोल असते. दोन चॅम्फर आत येऊन एका टोकदार रेषेत मिळालेले दिसले, तर ते काम फाइल आणि लाकडी काडी घेऊन एखाद्या माणसाने हाताने केलेले असते. स्टीलच्या सुट्या भागांवर आणखी एक काम असते, ज्याला काळे पॉलिश म्हणतात. जस्त किंवा कथिलाच्या पाटीवर हिऱ्याची पेस्ट लावून तो भाग इतका सपाट घासतात की एका कोनातून तो आरसा दिसतो आणि दुसऱ्या कोनातून निव्वळ काळा. निळे स्क्रू तर आपल्या हीट ट्रीटमेंटवाल्यांना चांगलेच परिचयाचे असतील. स्टील तापवत नेले की आधी पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळे आणि 300 अंश सेल्सिअसच्या आसपास निळे होते. क्षणभर उशीर झाला तर राखाडीकडे झुकते आणि तो स्क्रू पुन्हा पॉलिश करावा लागतो. स्वस्त घड्याळातला निळा स्क्रू रंगाने किंवा रसायनाने निळा केलेला असतो. तेव्हा या कामाची किंमत असते, ती नुसती नावाची नसते. मात्र 30,000 रुपयांत हे मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. त्या किमतीत सरळ रेघा, तीक्ष्ण कडा आणि नीट बसलेले काटे मिळू शकतात, आणि तेवढे मिळाले तरी ते पुष्कळ आहे.

आपल्याला ते दुसरे घड्याळ खाली ठेववेना, त्याचे कारण बहुधा त्या कडांमध्येच असावे. डोळ्याला ते आधी कळते.

शहापूर सराफकट्टा

सोन्यापुरते बोलतो. घड्याळावरचा सोनेरी रंग हा बहुतेक वेळा काही मायक्रॉनचा मुलामा किंवा निर्वात भट्टीत चढवलेला थर असतो. घामाने आणि बाहीच्या घर्षणाने तो आधी कानांच्या टोकांवर आणि चावीच्या दातांवर उडतो आणि खालचा धातू डोकावू लागतो. मग अर्धे सोनेरी आणि अर्धे पांढरे घड्याळ मिरवावे लागते. केस खरोखर 18 कॅरेटची असेल तर आत 750 असा शिक्का असतो, आणि ती आपल्या रकमेत बसणार नाही, हे वेगळे सांगायला नको. खड्यांचेही तसेच. हिरे असते तर दुकानदाराने आधी त्यांचे वजन आणि प्रमाणपत्र सांगितले असते. काचेचे खडे डिंकाने चिकटवलेले असतात आणि ते पडले की रिकामी घरे राहतात. दागिन्यात खडा पडला तर आम्ही बसवून देतो. घड्याळाच्या तबकडीवरचा पडला तर काच काढावी लागते, आणि तो खडा काट्यात अडकला तर घड्याळच बंद पडते.

एक मात्र नमूद करतो. खऱ्या सोन्याचे घड्याळही केवळ सोन्याचे आहे म्हणून उत्तम ठरत नाही. कुंद्यावर चांदीचा वर्ख लावला म्हणून खवा चांगला भाजला गेला असे होत नाही. गिऱ्हाईक घड्याळ हातात घेऊन वजन करतात आणि जड आहे म्हणजे भारी आहे असे म्हणतात, ते मी रोज ऐकतो. जाड पितळेची केसही जड असते.

घड्याळजी, संकेश्वर

उद्यमबागेच्या सद्गृहस्थांनी जे लिहिले आहे ते अचूक आहे, पण त्यांनी क्रम उलटा धरला आहे, असे मला नम्रपणे वाटते. घड्याळ ही आधी वेळ दाखवणारी वस्तू आहे. कडा कितीही तीक्ष्ण असल्या आणि मशीन दोन वर्षांत दम टाकत असले, तर ते घड्याळ माझ्या टेबलावर येते तेव्हा मला त्या कडांचे कौतुक वाटत नाही.

मशीनचा चांगलेपणा नियमितपणात असतो. दिवसाचे सेकंद 86,400. एखादे चावीचे घड्याळ दिवसाला पाच सेकंद पुढे गेले तर ती चूक शेकडा 0.006 इतकीही नाही, आणि हे काम एक केसासारखी बारीक स्प्रिंग आणि एक छोटे चक्र करीत असते. स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटरचे, म्हणजे अतिशय अचूक घड्याळाचे, प्रमाणपत्र देणारी जी संस्था आहे, ती प्रत्येक मशीन पंधरा दिवस, पाच स्थितींत आणि 8, 23 व 38 अंश तापमानात तपासते, आणि सरासरी रोज चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढीच मुभा देते. यातला ‘पाच स्थिती’ हा भाग महत्त्वाचा आहे. घड्याळ आडवे ठेवले असताना एक चाल आणि उभे धरले असताना दुसरीच चाल, हा साधारण मशीनचा दोष असतो. रोज ठरावीक दहा सेकंद पुढे जाणारे घड्याळ मी पाच मिनिटांत ठीक करून देतो. जे आज वीस सेकंद पुढे आणि उद्या पंधरा मागे जाते, त्यावर इलाज करणे अवघड असते. म्हणून गिऱ्हाइकाने ‘घड्याळ पुढे जाते’ एवढेच सांगितले की मी विचारतो, रोज सारखेच पुढे जाते का?

आता त्या खिडकीविषयी. त्यातून दिसते ते बॅलन्स चक्र, जे प्रत्येक चावीच्या आणि ऑटोमॅटिक घड्याळात असतेच. फरक एवढाच की तिथे तबकडीला भोक पाडलेले आहे. काही दुकानदार त्यालाच टूरबिलॉन म्हणून सांगतात, ते खोटे आहे. टूरबिलॉनमध्ये बॅलन्स आणि एस्केपमेंट (चाकांना ठोक्याठोक्याने सोडणारी यंत्रणा) एका पिंजऱ्यात बसवलेले असतात आणि तो अख्खा पिंजरा स्वतःभोवती फिरतो, बहुधा मिनिटाला एकदा. अब्राहम लुई ब्रेगे याने 1801 साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले, तेव्हा घड्याळ खिशात दिवसभर उभे राहत असे आणि एकाच स्थितीतली चूक साचत जाई. पिंजरा फिरवून ती चूक समतोल करणे हा त्याचा हेतू होता. आपल्या घड्याळातले चक्र नुसते मागेपुढे झुलत असेल तर ती खिडकी आहे, दुसरे काही नाही. खिडकी असणे हा दोषही नाही. पण त्या किमतीतला काही हिस्सा त्या भोकासाठी आणि त्याभोवतीच्या नक्षीसाठी गेलेला आहे, आणि तो मशीनमधून कापून घेतलेला असू शकतो.

ज्वेलच्या आकड्याला फसू नये. ज्वेल म्हणजे कृत्रिम माणिक. जिथे आस फिरतो तिथे झीज होऊ नये म्हणून ते बसवतात. चावीच्या साध्या लिव्हर घड्याळात काम नीट चालायला 17 पुरतात. ऑटोमॅटिकमध्ये फिरत्या वजनाच्या यंत्रणेमुळे ते 21 ते 25 पर्यंत जातात. क्रोनोग्राफसारखे जास्तीचे काम असेल तर आणखी लागतात. पण साध्या तीन काट्यांच्या घड्याळावर त्याहून फार मोठा आकडा छापलेला दिसला तर ते माणिक काय काम करतात, हे विचारावे. एके काळी काही कंपन्यांनी निव्वळ आकडा वाढवण्यासाठी फिरत्या वजनाच्या कडेने माणके ओवली होती. पुढे आंतरराष्ट्रीय मानकाला लिहावे लागले की काम करणारेच ज्वेल मोजावेत.

आपल्याच राज्यातले उदाहरण देतो. एचएमटीने 1961 साली बेंगळुरूला जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळे बनवायला सुरुवात केली. तिथले ‘जनता’ हे 17 ज्वेलचे, चावीचे, सेकंदाला पाच ठोके देणारे घड्याळ माझ्याकडे अजूनही दुरुस्तीला येते. वडिलांचे, आजोबांचे. उघडले की तेल सुकून काळे झालेले असते, एवढेच. धुऊन, तेल देऊन, लागलीच तर मुख्य स्प्रिंग बदलून ते पुन्हा चालू लागते. त्याच्या मशीनवर उद्यमबागेच्या सद्गृहस्थांनी सांगितलेले कोणतेही पॉलिश नाही, चॅम्फर नाही, तरी ते उघडायला सोपे, जोडायला सोपे आणि प्रत्येक भाग बदलता येईल असे आहे. सरकारने 2016 मध्ये कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला तरी घड्याळे बंद पडलेली नाहीत. याला मी उत्तम म्हणतो. उलट हल्ली काही फॅशनची घड्याळे अशी येतात की त्यांचे मशीन दुरुस्त करण्यापेक्षा अख्खे बदलणे स्वस्त पडते. घेताना विचारावे की मशीन कोणते आहे. सेकोचे एनएच 35, मियोटाचे किंवा स्विस ईटीएचे मशीन असेल तर ते कोणताही घड्याळजी उघडू शकतो आणि भागही मिळतात. ‘आमचे स्वतःचे खास मशीन आहे’ असे सांगून नाव सांगायचे टाळले, तर पैसे खिशातच ठेवावेत.

जाता जाता एक इशारा. इंटरनेटवर जुनी एचएमटी घड्याळे लाल, मोरपंखी, भगव्या तबकड्यांसह नवीकोरी म्हणून विकली जातात. त्यांना जाणकार ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. जुनी तबकडी खरवडून त्यावर नवा रंग आणि नवे नाव चढवलेले असते आणि आत तीन घड्याळांचे भाग एकत्र केलेले असतात. बिचारे साधे घड्याळ दिखाऊ करून विकण्याचा तो धंदा आहे. भाच्यासाठी त्या वाटेला जाऊ नये.

खानापूर रोड

सर्व उत्तरे वाचली. मला दोन बाबतींत वेगळे मत मांडायचे आहे.

पहिली गोष्ट अशी की येथे चावीचे घड्याळ म्हणजेच उत्तम आणि सेलचे घड्याळ म्हणजे दुय्यम असे गृहीत धरले जात आहे. सेकोने 25 डिसेंबर 1969 रोजी ॲस्ट्रॉन हे पहिले क्वार्ट्झ, म्हणजे सेल आणि स्फटिकावर चालणारे, मनगटी घड्याळ विक्रीस आणले, तेव्हापासून अचूकपणाच्या स्पर्धेत चावीची घड्याळे मागे पडलेली आहेत. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, आणि साधे सेलचे घड्याळही महिन्याला पंधराएक सेकंदांहून फारसे चुकत नाही. शिवाय क्वार्ट्झमध्येही कारागिरी असते. टायटनने 2002 साली काढलेले ‘एज’ केसच्या काचेपासून पाठीपर्यंत 3.5 मिलिमीटर होते आणि आतले मशीन 1.15 मिलिमीटरचे होते. एवढ्या जागेत चाके, कॉइल आणि सेल बसवायचा, काटे तबकडीला घासू द्यायचे नाहीत आणि केसमध्ये पाणीही जाऊ द्यायचे नाही, याला मी उत्तम अभियांत्रिकी म्हणेन. आणि ते होसूरच्या कंपनीने केले आहे. क्वार्ट्झ घड्याळाची एक सोपी परीक्षा आहे. सेकंदकाटा प्रत्येक टप्प्याला तबकडीवरच्या रेघेवर नेमका पडतो का, आणि पडल्यावर थरथरतो का, हे पूर्ण मिनिटभर पाहावे. चाकांच्या दातांत बॅकलॅश, म्हणजे ढिलेपणा, असेल तर काटा एका बाजूला रेघेवर आणि दुसऱ्या बाजूला रेघेच्या मागे पडतो.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. दिखाऊपणावर सर्वांनी कोरडे ओढले आहेत. पण एचएमटीचेच ‘कांचन’ आठवावे. सोनेरी, ऑटोमॅटिक, आणि आपल्या भागात 1980 च्या दशकात नवरदेवाला ‘कांचन’ मिळाले की नाही यावर मानपानाच्या गोष्टी होत. घड्याळ मिळायला ओळख लावावी लागे. ते दिखाऊ नव्हते असे कोण म्हणेल? आणि तरीही संकेश्वरकरांनी ‘जनता’विषयी जे लिहिले तेच त्याच्या मशीनविषयीही लिहिता आले असते. म्हणजे दिखाऊ असणे आणि वाईट असणे या दोन गोष्टी एकच नाहीत. समारंभाला घालायचे घड्याळ समारंभात शोभावे ही अपेक्षा काही गैर नाही, आणि वहिनींचे मत त्या दृष्टीने चुकीचे नाही. माझा आक्षेप फक्त तिथे आहे, जिथे घड्याळ नसलेल्या गोष्टीचे सोंग आणते: मुलाम्याला सोने म्हणते, काचेला हिरा म्हणते, खिडकीला टूरबिलॉन म्हणते. ‘स्विस मेड’ या शिक्क्याचेही तसेच आहे. 2017 पासूनच्या नियमाप्रमाणे उत्पादनखर्चाचा किमान 60 टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये झालेला असावा लागतो आणि मशीन स्विस असावे लागते. उरलेल्या 40 टक्क्यांत केस, तबकडी आणि पट्टा जगात कुठूनही येऊ शकतात. शिक्का खोटा नाही, पण गिऱ्हाईक त्यातून जे समजते तेवढे त्यात नसते.

काचेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. सफायर काच ही ॲल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक, म्हणजे ज्वेलच्याच जातीची, कठीणपणाच्या दहापर्यंतच्या मोजपट्टीवर नऊ. साध्या मिनरल काचेवर वाळूचा कण ओरखडा काढतो, सफायरवर काढत नाही. पण ती आघाताने फुटू शकते. आपल्या दोन घड्याळांपैकी कोणाला सफायर आहे, हे विचारून घ्यावे आणि बिलावर लिहून घ्यावे.

निपाणीचा मामा

सर्वांचे मनापासून आभार. काल पुन्हा बेळगावला जाऊन दोन्ही घड्याळे ट्यूबलाइटखाली धरून पाहिली. दुकानदार जरा नवलाने पाहत होता, पण त्याने भिंग दिले. सोनेरी घड्याळाच्या कानांवर ट्यूब अगदी साप चालल्यासारखी दिसली. तिन्ही छोट्या तबकड्यांपैकी एकीचाच काटा हलतो, तोही दिवस आणि रात्र दाखवण्यासाठी. बटणे दाबली तर काहीच होत नाही. मशीनचे नाव सांगता आले नाही. दुसऱ्याला सफायर काच आहे, आत मियोटाचे मशीन आहे आणि पाठीवर 5 बार असे पाण्याच्या दाबाचे माप कोरले आहे. सौभाग्यवतींनीही भिंगातून पाहिले आणि दुसऱ्याला संमती दिली, मात्र पट्टा चामड्याचा तपकिरी हवा अशी अट घातली, ती मला मान्य आहे.

आता शेवटची शंका. भाचा कारखान्यात ग्राइंडिंग विभागात आहे. तिथे हे घड्याळ घालून गेल्यास काही बिघडेल का? आणि 5 बार म्हणजे आपल्याकडच्या पावसात चालेल का?

टूलरूम, उद्यमबाग

फिरत्या यंत्राजवळ हातात काहीही नको, घड्याळ नाही, अंगठी नाही, कडे नाही. बाही आणि पट्टा अडकून हात खेचला जातो. त्याच्या कारखान्यात हा नियम असणारच. घड्याळ लॉकरमध्ये राहू द्यावे.

घड्याळजी, संकेश्वर

वरील सूचना पाळावी, आणि त्यामागे घड्याळाच्या बाजूनेही एक कारण आहे. सरफेस ग्राइंडरवर जॉब धरायला चुंबकी चक असतो. त्याच्या जवळ हात गेला की हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्सच्या त्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, चुंबकत्व येऊ शकते, तिचे वेटोळे एकमेकांना चिकटतात, म्हणजे स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते, आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटे पुढे पळू लागते. नवे घड्याळ एकाएकी असे पळू लागले तर गिऱ्हाईक मशीन बिघडले म्हणून घाबरते; प्रत्यक्षात चुंबकत्व उतरवण्याच्या यंत्रावर ते दोन मिनिटांचे काम असते. शंका आली तर घड्याळ एखाद्या साध्या होकायंत्राजवळ न्यावे. सुई हलत असली तर बॅलन्सबरोबर झुलते आहे का, हे पाहावे.

लॉकरमध्ये ठेवल्याने ऑटोमॅटिक घड्याळ पाळी संपेपर्यंत थांबत नाही. पूर्ण भरलेली स्प्रिंग साधारण चाळीस तास चालते. सुटीत थांबलेच, तर चावी हळूहळू वीस-तीस वेळा फिरवून सुरू करावे, हलवत बसू नये. मियोटाच्या बहुतेक ऑटोमॅटिक मशीनला तशी चावी देता येते. तारीख मात्र रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात चावीने बदलू नये. त्या वेळी तारखेची चाके आपणहून एकमेकांत गुंतत असतात आणि जबरदस्ती केली तर दात तुटतो. माझ्याकडे येणाऱ्या नव्या घड्याळांत हा बिघाड नेहमीचा आहे.

पावसाचे म्हणाल तर 5 बार म्हणजे हात धुणे, अंगावर सरी येणे एवढे चालते. दुचाकीवरून खानापूरच्या बाजूला धो-धो पावसात रोज जायचे असेल तर चावी पूर्ण आत दाबलेली आहे ना, एवढे पाहावे, आणि चामड्याचा पट्टा पावसाळ्यापुरता काढून रबरी किंवा नायलॉनचा लावावा; चामडे भिजून वास मारते आणि कुजते. काचेच्या आत कधी वाफ धरलेली दिसली तर उन्हात ठेवण्याचा उद्योग न करता त्याच दिवशी उघडून घ्यावे, कारण एका आठवड्यात चावीच्या दांड्याला गंज धरतो.